पाणी प्यालेलं चाक

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाहून कुणी घाबरत नाही, सगळी गोम तिथंच आहे. बैल शिंगं रोखतो, जेसीबी लांबूनच घरघरतो, विजेच्या डीपीवर तर कवटी आणि हाडं रंगवलेली असतात. चाक मात्र गोल, काळं, गप्प. शिवाय त्याची आपली जुनी ओळख. सायकलचा फाटका टायर काठीनं पळवत ज्यानं लहानपणी गल्ली पालथी घातली नाही, असा माणूस निदान आमच्या पिढीत तरी सापडायचा नाही. त्या ओळखीच्या भरवशावर तो पन्नाशीत ट्रॅक्टरच्या चाकाला हात घालतो आणि म्हणतो, "घ्या रे, काय एवढं मोठं!"

किती मोठं, ते एकदा बघून घेऊ. आमच्या हुबळी-धारवाड भागात पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर पुष्कळ. त्यांच्या मागच्या टायरवर बहुधा १३.६-२८ असं लिहिलेलं असतं. १३.६ ही रुंदी आणि २८ हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. देशात मेट्रिक मापं येऊन जमाना झाला, पण टायरला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. हे चाक उभं केलं की छातीला लागतं. टायर, ट्यूब, रिम आणि मधली तबकडी धरून वजन शंभर किलोच्या वर जातं. इथवर ठीक आहे, तगडे चौघे असले तर निभावून नेतात. पण आत पाणी असतं. दीडशे ते दोनशे लिटर पाणी! एका लिटरचा एक किलो, हे तिसरीतल्या पोरालाही येतं. म्हणजे चाक झालं तीन क्विंटलच्या घरातलं, आणि बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पाण्यानं भरलेला हंडा निदान डचमळून सांगतो तरी.

चाकात पाणी कशाला, असं शहरातले पाहुणे विचारतात. त्यांना मी आधी धारवाडचा नकाशा सांगतो. धारवाड हे दोन मुलखांच्या शिवेवर बसलेलं गाव आहे. पश्चिमेला अळणावर, कलघटगीकडे गेलात की तांबडी माती, भात, जंगल, धो-धो पाऊस. पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरी, कुंदगोळकडे वळलात की काळंभोर रान, क्षितिजापर्यंत सपाट. कापूस, मूग, ज्वारी, मिरची. ही काळी जमीन उन्हाळ्यात इतकी भेगाळते की हरवलेली किल्ली पुन्हा मिळत नाही, आणि पावसाळ्यात इतकी चिकटते की चप्पल मिळत नाही. अशा जमिनीत नांगर खोल बसला की ट्रॅक्टरचं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. थोडं घसरणं चालतं; शंभरात दहा-पंधरापर्यंत ते धरूनच चाललेलं असतं. त्याच्या वर गेलं की तुम्ही डिझेल जाळून जमिनीला फक्त पॉलिश करताय. चाकाची पकड वाढवायची तर चाकावर वजन हवं. बिडाची वजनं मिळतात, रिमला बोल्टनं बसवतात, पण त्यांना पैसे पडतात. पाणी फुकट असतं.

"फुकट" हा शब्द मी जरा जपून वापरतो, कारण आम्ही हुबळी-धारवाडची माणसं. आमच्याकडे पाणी मलप्रभेच्या सवदत्तीच्या धरणातून येतं, म्हणजे येणार असतं. नळाची वाट चार-चार, आठ-आठ दिवस पाहण्यात ज्यांच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत दोन चाकांत मिळून दोन पिंपं पाणी ओतायचं म्हणजे घरात भांडणाला निमंत्रण. माझ्या एका आतेभावाच्या घरी ट्रॅक्टरच्या चाकात पाणी भरण्याचा कार्यक्रम वहिनी माहेरी गेल्यावर होतो.

भरण्याची रीत बघण्यासारखी असते. चाक जॅकवर उचलायचं आणि वॉल्व्ह अगदी वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी येईपर्यंत फिरवायचं. पिन काढायची, नळी लावायची, उंचावरच्या टाकीतून पाणी सोडायचं. अधूनमधून नळी बाजूला करून आतली हवा जाऊ द्यायची. चाक तेव्हा तृप्तीचे ढेकर देतं. वॉल्व्हमधून पाणी उलटून सांडायला लागलं की समजायचं, पाऊण चाक भरलं. वरचा पाव भाग हवेचा. तो ठेवावाच लागतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. काठोकाठ भरलेलं चाक दगडावरून गेलं तर हिसका सोसायला आत कुणी नसतं आणि सगळा मार टायरला बसतो. मग वर हवा भरायची आणि ट्रॅक्टर नांगराला.

चाक आणि पाणी यांचं नातं आपल्याकडे जुनंच म्हणायचं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ती गोवऱ्यांच्या जाळात तांबडीलाल करत, फुगलेली धाव चाकावर ठोकत आणि लगेच वरून पाणी ओतत. लोखंड चुर्रर्र करून आवळलं की चाक जन्माचं बांधलं गेलं. तेव्हा पाणी बाहेरून लागे, आता आतून लागतं. मधल्या काळात ट्रॅक्टरलाही लोखंडी चाकंच असत, दातेरी. अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीनं १९३२ साली रबरी टायरचा ट्रॅक्टर विकायला काढला, तेव्हा शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. म्हणून कंपनीनं मोटारशर्यतींतला नावाजलेला बार्नी ओल्डफिल्ड आणला आणि त्यानं १९३३ साली ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला. ताशी शंभर किलोमीटर! आमच्या जुन्या पी. बी. रोडवर ते अजून मोटारीला जमत नाही.

त्या शेतकऱ्यांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. इथून फार लांब नसलेल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष होईल म्हणून लोक तो घेईनात. रबराचं म्हणाल तर ते लोखंडापेक्षा हलकं आणि मऊ. लोखंडी चाक गेलं तसं त्याचं वजनही गेलं, रबरी चाक घसरू लागलं आणि गेलेलं वजन पाण्याच्या रूपानं परत आणावं लागलं. सुधारणा म्हणतात ती बऱ्याचदा अशीच होते. आधी ओझं काढायचं, मग ते दुसऱ्या नावानं परत ठेवायचं.

बर्फाच्या देशात साधं पाणी चालत नाही. हिवाळ्यात ते टायरातच गोठतं. म्हणून तिकडे पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. तो क्षार विरघळला की पाणी गोठत नाही आणि वजनही वाढतं. पण ट्यूब फुटली की रिम गंजवतं आणि सांडेल तिथलं गवत जाळतं. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी बीटच्या साखर कारखान्यातून निघणारा पाक टायरात भरायला सुरुवात केली. तो गंजवत नाही, गोठत नाही, आणि पाण्यापेक्षा जड. हे वाचल्यापासून मला बेळगावकडच्या साखर कारखान्यांची काळजी वाटते. तिथं मळी भरपूर. उद्या ती टायरात भरायची टूम निघाली तर चाकामागून मुंग्यांची रांग जाईल आणि मुंग्यांच्या मागून अबकारी खात्याचा माणूस. सुदैवानं धारवाडात पाणी गोठत नाही. आम्हाला साधं पाणी पुरतं.

तर असं हे पाणी प्यालेलं चाक. ते ट्रॅक्टरला लावलेलं असतं तोवर सगळं सुरळीत असतं. नाटक सुरू होतं ते चाक उतरवून दुसरीकडे न्यायची वेळ आल्यावर.

ती वेळ त्याच आतेभावावर, अण्णांवर आली. त्यांचं शेत गरगच्या वाटेवर; गरग म्हणजे राष्ट्रध्वजासाठी खादी विणणारं गाव. ट्रॅक्टरच्या मागच्या रिमला तडा गेला होता. पंक्चर असतं तर टायरवाला शेतावर आला असता. रिमचं वेल्डिंग धारवाडच्या वर्कशॉपात. म्हणजे चाक काढा, छोट्या हत्तीत चढवा, धारवाडला न्या. छोटा हत्ती हे टेंपोचं लाडकं नाव, वाचकांना ठाऊक असेलच. पाऊण टन माल तो घेतो, तेव्हा तीन क्विंटलचं त्याला काही नव्हतं. प्रश्न जमिनीपासून त्याच्या पाठीपर्यंतच्या अडीच फुटांचा होता.

अण्णांच्या अंगणात माणसं कशी जमली हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या भागात ट्रॅक्टरखाली जॅक लागला की शिवारात निरोप जावा लागत नाही. एक निवृत्त ओव्हरसियर आले, एक मास्तर आले, दूध घालायला निघालेला एक जण किटल्या ठेवून थांबला. अण्णांचा पुतण्या होता. तो धारवाडात जिमला जातो आणि तिथं महिन्याची फी भरून ट्रॅक्टरचा जुना टायर उलटापालटा करतो. शेतात बापानं सांगितलेलं काम फुकट करायचं नाही आणि शहरात तेच पैसे देऊन करायचं, या शहाणपणाला काय म्हणावं! पण पोराचा उत्साह खरा होता. फरक एवढाच की जिममधल्या टायरात रिम नसते, ट्यूब नसते, पाणी नसतं. तो निवृत्त टायर असतो. हा कामावर होता.

वजन उचलण्याची आमच्या मुलखाला खोडच आहे. जत्रेत, कारहुणवीच्या सणाला गोल दगड उचलायच्या पैजा लागतात, ज्वारीचं पोतं दातांत धरून उचलणारे गडी निघतात. तालमीत घडलेल्या माणसाला "हे उचलायचं कशाला?" असं विचारता येत नाही, ते पडलेलं आहे एवढं कारण त्याला पुरतं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली शिफारस करून ठेवली आहे की प्रौढ पुरुषानं नेहमीच्या कामात ५५ किलोच्या वर ओझं हातानं उचलू नये. अण्णांच्या अंगणात हे सांगायचं म्हणजे सांगणाऱ्यालाच उचलून बाजूला ठेवलं असतं. तरी त्या हिशेबानं गणित मांडून बघा. तीनशे भागिले पंचावन्न, म्हणजे सहा माणसं. आणि गोल चाकाला सहा माणसांनी धरायचं कुठं? चौघांचे हात लागतात, दोघे नुसते "हं, हं" म्हणतात. सगळ्यांत धोकादायक हे "हं, हं" म्हणणारेच, कारण चाक कलतं तेव्हा ते नेमके कलत्या बाजूला उभे असतात.

चाक निघालं. नट सोडवायला पान्यावर पाइप घालावा लागला. धुऱ्याखाली लाकडी ठोकळे रचून ट्रॅक्टर त्यांवर टेकवला, नुसत्या जॅकवर सोडला नाही. एवढं अण्णांना कळतं. चाक भिंतीला टेकून उभं राहिलं आणि चर्चा सुरू झाली. ओव्हरसियर म्हणाले, फळी लावा, उतार कमी ठेवा, ढकलत न्या. मास्तर म्हणाले, पहार घालून तरफ करा. आर्किमिडीजचं नाव त्यांनी घेतलंच. पुतण्या म्हणाला, चौघं धरू आणि एका दमात टाकू. किटल्यावाला म्हणाला, जेसीबी बोलवा. दोन गावांच्या पलीकडे कुणाचा तरी जेसीबी चालू आहे हे त्याला ठाऊक होतं, फोन नंबरही होता. माझ्याकडे सगळ्यांचे मोबाइल सांभाळायचं काम होतं, आणि लिहिणाऱ्या माणसाकडून समाजाला याहून जास्त अपेक्षा नसते.

फळीचा प्रयोग झाला. भरलेलं चाक फळीवर चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हवेचं चाक ढकललं की गेलं आणि थांबवलं की थांबलं. पाणी प्यालेलं चाक असं सरळ वागत नाही. तुम्ही थांबवता, पण आतलं पाणी थांबलेलं नसतं. ते पुढे जाऊन परत येतं आणि थांबलेलं चाक पुन्हा हलतं. बरोबर त्याच वेळी सगळ्यांनी "झालं" म्हणून हात सैल केलेले असतात. शिवाय चाक रुंदीला जेमतेम फूटभर आणि उंचीला चार फुटांच्या वर. एकदा ते कुशीवर कलायला लागलं की पाणीही कलत्या बाजूला धावतं. फळीच्या निम्म्यात चाकानं असा विचार बदलला, पुतण्यानं धरायला हात पुढे केला आणि अण्णा आयुष्यात प्रथमच त्याच्यावर ओरडले, "सोड! पळ!" पोरगं उडी मारून बाजूला झालं, चाक धपकन आडवं पडलं, धूळ उडाली, कोंबड्या पांगल्या. ओव्हरसियर म्हणाले, "मी म्हणतच होतो."

वडीलधारं माणूस पडताना दिसलं तर धावून धरावं. पडत्या चाकाला धरू नये. तीन क्विंटलला माणसाचा हात थोपवू शकत नाही, फक्त मध्ये येऊ शकतो. चाक पडलं तर पुन्हा उभं करता येतं, बोटांचं तसं नाही. ज्या बाजूला ते पडू शकतं त्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवायच्या, माणसांनी उभं राहायचं ते पुढे किंवा मागे. आणि उतारावर पुढेही नाही. धारवाडसारख्या चढउताराच्या गावात ही गोष्ट पाटीवर लिहून लावायला हवी. हुबळीकर सपाटीवर राहतात, त्यांना चाक सुटण्याचा अर्थ कळत नाही.

तेवढ्यात टायरवाले चाचा स्कूटरवरून आले. त्यांना कुणी बोलावलं होतं की तेही आपोआपच आले, माहीत नाही. स्कूटर स्टँडला लावली, आडव्या पडलेल्या चाकाभोवती एक फेरी मारली आणि एकच वाक्य बोलले, "मोदल नीर बिड्री." आधी पाणी सोडा.

अंगणात शांतता पसरली. पाणी सोडायचं हे कुणाला सुचलं नव्हतं, असं मला वाटत नाही. ओव्हरसियरना सुचलं असणार, मास्तरांनाही. पण भरलेलं चाक पुढे असताना "आधी रिकामं करू" म्हणणं म्हणजे पैजेचा दगड फोडून तुकड्यातुकड्यानं उचलण्यासारखं झालं. त्यात मर्दुमकी कुठली? अण्णांची अडचण वेगळी होती. "अहो चाचा, मृगाआधीच भरलंय की हो," ते कळवळून म्हणाले. भरताना जी मेहनत झाली, बायकोची नजर चुकवून जे पाणी खर्ची पडलं, ते सगळं त्या चाकात होतं. माणसं घर बदलताना रद्दीचे गठ्ठे आणि फुटक्या कुंड्या सोबत नेतात, त्यामागे हाच हिशेब असतो. चाचा म्हणाले, "रिम जोडायची तर पाणी काढायचंच आहे, सावकार. वेल्डिंगवाला काय पाण्यातनं वेल्डिंग करणार? इथं काढायचं की धारवाडात, तेवढंच बोला."

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. तीन क्विंटल धारवाडला नेऊन तिथल्या गटारात दोन क्विंटल ओतायची तयारी दहा शहाणी माणसं मिळून करत होती.

चाचांनी पहारीनं चाक जरा उचलून खाली ठोकळा सरकवला, मग पुन्हा पहार, मग पुढचा ठोकळा. बोटं एकदाही खाली गेली नाहीत, त्यांच्या वतीनं लाकूड जात होतं. असं करत करत चाक उभं झालं, भिंतीला टेकलं, पुढेमागे दगड लागले. मग चाक हळूहळू फिरवून वॉल्व्ह अगदी खाली आणला. वॉल्व्हसमोर कुणाला उभं राहू दिलं नाही, कारण आत दाब असतो आणि पिन सुटते ती बंदुकीतून सुटावी तशी. ते स्वतः बाजूला बसले, पिन अर्धी सैल करून आधी थोडा दाब उतरू दिला, मग काढली. पाण्याची धार अंगणाच्या पार टोकाला गेली. काळसर पाणी, रबराचा वास. वहिनींनी आतून दोन कळश्या आणल्या, वास घेतला आणि धार नारळाच्या आळ्याकडे वळवायला सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

धार ओसरली, तरी पाणी संपलेलं नसतं. दाब गेला की चाक पाणी धरून बसतं. आत हवा जाईल तेवढंच पाणी बाहेर येतं. चाचांनी वॉल्व्हमधून बारीक नळी आत सारली, हवेला वाट दिली, आणि चाक पुन्हा गुडगुडायला लागलं. शेवटचं थोडं पाणी राहतंच. या सगळ्याला चहा होऊन पिऊन होईपर्यंतचा वेळ गेला. त्याआधीच्या चर्चेला किती गेला होता ते इथं लिहीत नाही.

याच ट्यूबची आणखी एक गंमत मला तेव्हा आठवली. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून विहिरीत टाकली की पाच-सहा पोरं तिला लोंबकळतात आणि ती सगळ्यांना तरंगवते. आमच्याकडची निम्मी माणसं तिच्यावरच पोहायला शिकली. पाणी बाहेर असलं तर ट्यूब माणसांना उचलते आणि पाणी आत असलं तर माणसांना ट्यूब उचलवत नाही.

रिकामं चाकही शंभर किलोच्या वर असतं, त्याचा मान त्याला द्यावा लागतोच. पण ते आता चाकासारखं वागत होतं. लांब फळी लावून, मागे एकानं दगड घेऊन राहून, दोघांनी ते निवांत वर नेलं. गाडीत चाचांनी चाक उभं ठेवू दिलं नाही. दोन आडव्या लाकडांवर आडवं निजवलं, म्हणजे उतरवताना खालून पट्टा घालायला फट राहते. आणि दोरानं बांधलं. "पोचल्यावर ढकलून द्यायचं नाही," ड्रायव्हरला बजावलं. गाडीतून ढकललेलं चाक कुणाच्या दुकानात शिरेल याचा नेम नसतो, आणि दुरुस्तीचा खर्च रिमपेक्षा जास्त येतो.

किटल्यावाल्याचा जेसीबी अगदीच टाकाऊ सूचना होती असं नाही. पाणी काढणं शक्यच नसेल, तर भरलेलं चाक यंत्रानंच उचलावं. मधल्या भोकातून रुंद पट्टा ओवून, जमिनीलगत ठेवून, आणि खाली-आजूबाजूला कुणी नसताना. तेही नसेल तर शेताचा बांध आहे. गाडी खाली उभी करून तिची पाठ बांधाला लावली की चढ उरत नाही. अमरगोळच्या बाजार समितीत मालासाठी जे ओटे असतात त्यांची उंची ट्रकच्या पाठीला जमेल अशीच असते, ती उगाच नाही. जगातला सर्वांत लांब फलाट आमच्या हुबळी स्टेशनात आहे, १,५०७ मीटर. २०२३ साली त्याचं उद्घाटन झालं तेव्हापासून पाहुण्यांना तो दाखवल्याशिवाय आम्ही सोडत नाही. पण चाक चढवायला लांबी नको असते, उंची जमावी लागते. तेवढं काम बांध फुकटात करतो.

खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, कुंकू लावतो आणि चारी चाकांखाली लिंबू ठेवून त्यावरून ट्रॅक्टर पुढे घेतो. लिंबाचं काय होतं ते सगळं घर उभं राहून बघतं, टाळ्या वाजवतं, पेढे वाटतं. सुरक्षिततेचं एवढं स्वच्छ प्रात्यक्षिक कुठलं सरकारी खातं देत असेल असं मला वाटत नाही. तरी दुसऱ्या दिवशी चप्पल घातलेले पाय चाकाशेजारी असतातच.

तेव्हा ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांना विनंती एवढीच. चाक हलवायचं ठरलं की आधी पाणी सोडा. पायात बूट असू द्या, पोरं आणि सल्लागार दहा हात लांब असू द्या, आणि चहा काम झाल्यावर द्या. आधी दिलात तर माणसं दुप्पट जमतात.